चार इंचाची गादी

वहिदाच्या दुकानात टांग्यापासून ट्रकपर्यंत सगळ्या गाड्यांच्या गाद्या येऊन गेल्या होत्या. विमानाची खुर्ची तेवढी आली नव्हती. ती आली दोन हजार नऊच्या ऑगस्टात, एका टेम्पोतून, गोधडीत गुंडाळून. टेम्पोच्या मागं स्कूटरवर मन्मथ मेकॅनिक होता आणि तो दर दोन मिनिटांनी ड्रायव्हरला हळू चाल म्हणून ओरडत आला होता.

लातूरच्या गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात 'खाजामियाँ कुशन वर्क्स' ही पाटी चाळीस वर्षं होती. खाजामियाँ म्हणजे वहिदाचे वडील. त्यांचे डोळे गेले आणि पुढच्याच वर्षी वहिदाचा नवरा हमजा गेला. तेव्हा ती औशाहून मुलीला घेऊन माहेरी आली आणि मशीनवर बसली. बाईमाणूस रिक्षाचं हूड शिवतंय म्हणून लोक आधी बघायला यायचे, मग हसायचे, मग काम टाकू लागले. तिचा टाका उसवत नाही हे गावाला कळायला दोन वर्षं लागली.

पुढं तर कामाला तोटाच राहिला नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गावाची रीतच बदलली होती. बाहेरगावची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली, घराघरांवर मजले चढले, प्रत्येक मजल्यावर एक क्लास आणि प्रत्येक क्लासखाली एक खानावळ. पोरांना झोपायला गाद्या लागायच्या, बसायला बाकं. मुकुल सरांच्या क्लासचा पहिला हॉल वहिदानंच सजवला होता. पुढं त्याच हॉलची चार मजली इमारत झाली. आणि आता सरांनी रेणापूरच्या बाजूला माळावर धावपट्टी करून फ्लाइंग अकॅडमी काढली होती. डॉक्टर-इंजिनिअर तर सगळेच करतात, असं त्यांच्या फलकावर लिहिलं होतं, आम्ही तुमचं लेकरू आभाळात नेतो.

मन्मथ त्याच अकॅडमीचा मेकॅनिक. त्यानं गोधडी सोडली. दोन खुर्च्या, उन्हानं विटलेल्या, शिवणीवर फाटलेल्या. वहिदानं सवयीनं अंगठा दाबून बघितला. भिजवलेल्या कणकेत उठावा तसा खळगा उठला, तसाच राहिला आणि मग सावकाश, अगदी सावकाश भरून आला.

"हे कुठलं फोम हाय?"

"कंपनीचं. आतल्याला हात लावायचा न्हाई, आपा. नुसतं वरचं कापड बदलायचं. कापडबी कंपनीचंच येणार. तुम्हाला आधी माप दाखवायला आणलंय."

वहिदानं फाटक्या कडेचा एक दोरा ओढला आणि काडी लावली. कापडाची जात ओळखायची तिची ती रीत होती. दोरा पेटला नाही. नुसता काळा पडला. रेक्झिनचा असता तर थेंब थेंब जळत बोटावर आला असता.

"कापड भारी हाय," ती म्हणाली. "पण गादी लई कडक. पोरं यावर तास-तास कशी बसत्यात?"

मन्मथ स्टुलावर बसला. चांगला कारागीर दिसला की त्याला बोलावंसं वाटायचं. "आपा, रिक्षा खड्ड्यात गेली की मागचा माणूस का उडतो?"

"गादी मऊ असती म्हणून. आधी दबती, मग फेकती."

"तसंच हाय. विमान जोरात टेकलं की खालचा पत्रा जागच्या जागी थांबतो. मऊ गादीवरचा माणूस मात्र अजून खालीच चाललेला असतो. चार इंच जातो, तोवर त्याचा वेग राहतो तसाच, अन् मग पत्र्यावर आदळतो. सगळा मार कण्यावर. हे फोम त्याला तसं जाऊ देत न्हाई. पत्र्यासंगटच थांबवतं, पण दमानं."

"म्हणजे मऊ ते वाईट?"

"पडायच्या वेळेला वाईट. एरवी चांगलंच लागतं की."  मन्मथ किल्लारीकडच्या एका गावचा. भूकंपाच्या वेळी एकोणीस वर्षांचा होता. गणपती बोळवून आल्यावर अंगणातच आडवा झाला म्हणून वाचला. आई आणि दोघी बहिणी आत होत्या. "आमच्या गावात भूकंपानं कोण मेलं, आपा? कोणीच न्हाई. छतानं मारलं. दोन-दोन हात माती टाकलेली वर. कशाला? तर उन्हाळ्यात घर गार राहावं. गारव्याला टाकलेली माती ती."

कोपऱ्यात बसलेले खाजामियाँ म्हणाले, "या अल्ला."  वहिदाला ते सगळं नीट समजलं. तिच्याइतकं ते समजणारं दुसरं माणूस त्या गावात क्वचितच असेल, कारण माणूस गादीत किती दबतो हे ती रोज हातानं मोजायची.

चौथ्या दिवशी मुकुल सर स्वतः दुकानात आले. बरोबर फोटोवाला होता. सर कधीच आवाज चढवायचे नाहीत. खाजामियाँना त्यांनी वाकून सलाम केला, मग खुर्च्यांकडे बघून तोंड वाकडं केलं.

"वहिदाताई, नव्या बॅचचं उद्‌घाटन रविवारी आहे. पालक हैदराबादहून, पुण्याहून येणार. त्यांना मी ही बसची खुर्ची दाखवू? निळं आणि पांढरं करा. मोटारीसारखं. आणि मऊ पाहिजे. लोक बसून बघतात."

"सर, मन्मथभाऊ म्हणत होते कापड कंपनीचं…"

"कंपनी तीन महिने लावते. मन्मथ, रविवार तीन महिन्यांनी येणार आहे का?"

दारात उभा असलेला मन्मथ म्हणाला, "न्हाई सर. पण आतलं फोम…"

"फोम फोमच असतं. वहिदाताईंनी माझ्या दोन हजार मुलांना बसवलंय आजवर." सर हसले, आणि निघता निघता आठवल्यासारखं म्हणाले, "आलिया चांगली करते आहे. पुढच्या सोमवारपासून तिला पहिल्या तुकडीत बसवायला सांगितलंय मी. तिथं मी स्वतः शिकवतो."

आलिया वहिदाची एकुलती एक. सरांच्याच क्लासात होती. अकरावी पार पडली होती, डॉक्टर व्हायचं होतं. पहिल्या तुकडीसाठी गावातली पोरं सहा-सहा महिने जीव काढायची. सरांनी ते सहज सांगितलं, पण वहिदाला ते सहज वाटलं नाही.

सर गेल्यावर तिनं मन्मथकडं बघितलं. मन्मथ खुर्चीच्या नटाकडं बघत होता.

"काय करू, भाऊ?"

"सर म्हणतेत तसं करा," तो म्हणाला. "बिलावर मात्र नुसतं कव्हर लिहा. ऑफिसमधून तसंच सांगितलंय."

त्या संध्याकाळी, वहिदा कात्री शोधत असताना, एक मुलगी दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. ठेंगणी, केस कापलेले, पांढऱ्या शर्टावर खांद्याला काळ्या पट्ट्या. मुग्धा नाव. नांदेडच्या एका शाळामास्तरांची मुलगी. बारावीनंतर बापानं डॉक्टरकीचा क्लास लाव म्हटलं होतं, हिनं विमान धरलं होतं.

"चाची, तुम्हीच सीट करताय ना? एक काम होतं. मला पुढचं दिसत नाही."

"म्हणजे?"

"मी चार फूट अकरा इंच आहे. उतरताना नाकाच्या पुढची धावपट्टी दिसावी लागते. मी खाली दोन जाडी पुस्तकं ठेवते, पण ती टोचतात आणि सरकतात. सगळे हसतात. तुम्ही डावी सीट थोडी उंच कराल?"

वहिदाला हसू आलं. तिनं मुलीला बाकावर बसवलं, भिंतीवर खडूनं डोळ्यांची रेघ मारली, खाली फोमचे तुकडे सरकवत गेली. दोन इंच. तीन. मुग्धा मान ताठ करून समोर बघत होती, जणू भिंतीच्या जागी आभाळच होतं. चार इंचांवर ती म्हणाली, "बस्स! दिसलं."

"कसं वाटतंय?"

"गादीवर बसल्यासारखं. हॉस्टेलच्या गादीपेक्षा भारी." मग तिनं बॅगेतून लिमलेटच्या गोळ्यांची पुडी काढली आणि एक खाजामियाँच्या हातावर ठेवली, एक वहिदाच्या. दहा-पंधरा मिनिटं ती तिथं होती. इंजिन बंद पडलं तर रान कसं निवडायचं तेसुद्धा तिनं म्हाताऱ्याला समजावून सांगितलं: नांगरलेलं नको, तारा नकोत, वाऱ्याच्या तोंडाला पाहिजे. खाजामियाँ मान डोलवत राहिले. वहिदा मापं लिहीत होती. सांगायला तेवढा वेळ पुष्कळ होता. पुस्तकांवरच बस, पोरी, असं एक वाक्य. ते तिच्या जिभेवर आलं होतं का, हे पुढं तिनं स्वतःला कितीदा विचारलं. आलंच नव्हतं. आलं असतं आणि गिळलं असतं तर निदान गिळल्याची आठवण तरी राहिली असती.

रविवारी निळ्या-पांढऱ्या खुर्च्यांचे फोटो पेपरात आले. खुर्च्यांतून काढलेलं कंपनीचं जुनं फोम वहिदानं माळ्यावर टाकलं. कामाचं सामान फेकायची रीत त्या दुकानात नव्हती.

*

डिसेंबरात, सकाळी दहाच्या सुमाराला, मुग्धा एकटी विमान घेऊन उतरत असताना इंजिन बंद पडलं. धावपट्टी अर्धा मैल राहिली होती. तिनं रान निवडलं, हरभऱ्याचं, न नांगरलेलं, तारा नसलेलं. पेट्रोल बंद केलं, बटणं बंद केली, पट्टे आवळले. शिकवलं होतं ते सगळं तिनं केलं. शेवटच्या पंधरा-वीस फुटांवर विमान हातातून सुटल्यासारखं खाली बसलं.

रानात धोंडाबाई नावाची बाई खुरपत होती. ती पहिली पोचली. पुढं ती येईल त्याला सांगायची, "पडलं न्हाई हो, बसलं. म्हैस बसती तसं बसलं. काच सुदीक फुटली न्हाई. म्या म्हणलं, वाचलं बाई लेकरू. दार उघडलं तर पोरगी माझ्याकडं बघून म्हणती, मावशी, माझे पाय कुठं हायेत?"

मन्मथ दुपारी दुकानात आला. हातापायाला माती होती. वहिदा मशीनवर होती, तिनं पाय थांबवला.

"जिवंत हाय," तो म्हणाला. "कमरेचा मणका चुरा झालाय. वरच्या अंगाला खरचटलंसुद्धा न्हाई. मी खुर्ची काढून बघितली, आपा. तुमच्या फोमला काही झालं न्हाई. पुन्हा फुगून वर आलंय. खालचा पत्रा मात्र वाकलाय. बशीसारखा."

 सुई कापडात अर्धी रुतलेली होती. वहिदानं चाक हातानं फिरवून ती वर घेतली, दोरा तोडला आणि मग खाली बसली, जमिनीवर, कापडाच्या चिंध्यांत.

"जुनी गादी असती तर?" कोपऱ्यातून खाजामियाँनी विचारलं.

मन्मथनं हातावरची माती झटकली. "चालत आली असती. लंगडत का होईना, चालत आली असती."

तिसऱ्या दिवशी मुकुल सर आले. या खेपेला फोटोवाला नव्हता. त्यांनी एक कागद आणला होता, टाइप केलेला. त्यात लिहिलं होतं की विद्यार्थिनीनं स्वतः दुकानात येऊन उंच गादीची मागणी केली आणि त्यानुसार आतलं फोम बदललं. अकॅडमीनं फक्त कव्हरचं काम दिलं होतं.

"यात खोटं काही नाही," सर म्हणाले. "मुलगी आली होती की नाही? बिलावर कव्हर आहे की नाही?"

"तुम्ही मऊ करा म्हणला होतात, सर."

"मी कापडाबद्दल बोलत होतो." त्यांचा आवाज तसाच मऊ होता. "हे बघा, दिल्लीहून चौकशीला माणूस येतोय. मुलीचं आयुष्य गेलं, ते मला परत आणता येणार नाही. पण अकॅडमी बंद पडली तर आणखी चाळीस मुलांचं जाईल. आणि क्लासेसचं नाव खराब झालं तर पहिल्या तुकडीचं काय? परीक्षा मे महिन्यात आहे. विचार करा."

ते गेल्यावर खाजामियाँ म्हणाले, "बेटा, कागदावर अंगठा दिला का?"

"न्हाई, अब्बा."

"नको देऊ. टाका आपला हाय. आपण म्हणायचं आपला हाय. ज्यानं सांगितलं त्याचं त्यानं म्हणावं."

वहिदाला ते पटलं. तेव्हा तिला वाटलं होतं की खरं बोलणं म्हणजे खरं बोलणं, एकदा तोंडातून निघालं की ते ज्याच्या त्याच्या दारात जाऊन उभं राहतं.

*

चौकशीचा अधिकारी साधा माणूस निघाला. पन्नाशीचा, चष्मा, हळू हिंदी बोलणारा. अकॅडमीच्या ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला मुकुल सर, त्यांचा वकील, आणि भिंतीला टेकून मन्मथ. वहिदा बुरखा सावरत आत आली. तिच्या हातात पोतं होतं. त्यातून तिनं जुनं फोम काढून टेबलावर ठेवलं.

अधिकाऱ्यानं त्यावर अंगठा दाबला. खळगा उठला. तो भरून येईपर्यंत त्यानं वाट पाहिली.

"हे कुणी काढलं?"

"मी."

"हे साधं फोम नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?"

वकिलानं मान वर केली. वहिदानं मन्मथकडं बघितलं. तो खाली बघत होता.

"हाव," ती म्हणाली. "ठाऊक होतं. मन्मथभाऊंनी सगळं सांगितलं होतं. मऊ गादीनं कणा मोडतो, हे मला कळलं होतं. तरी मी बदललं."

 अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. "बदला असं कुणी सांगितलं?"

"सरांनी. मुकुल सरांनी."

"लेखी?"

"तोंडी."

"कुणासमोर?"

"मन्मथभाऊ होते की. दारातच उभे होते."

अधिकारी वळला. मन्मथनं घसा खाकरला. त्याचा आवाज त्याच्या अंगापेक्षा लहान झाला होता. "मी कापडाचं बोलणं ऐकलं, साहेब. फोमचं मला काही माहीत न्हाई. खुर्च्या आल्या तेव्हा कव्हर बंद होतं. मी वरून बघून सही केली."

"भाऊ," वहिदा म्हणाली.

"मी वरून बघितलं," मन्मथ पुन्हा म्हणाला, या खेपेला समोरच्या भिंतीला.

वकिलानं मग एकच प्रश्न विचारला, अगदी अदबीनं. "बाई, तुम्हाला धोका माहीत होता. मुलगी स्वतः तुमच्या दुकानात आली. तुम्ही तिला धोका सांगितलात का?"

"न्हाई," वहिदा म्हणाली.

अहवाल उन्हाळ्याच्या तोंडाला आला. त्यातला शब्दन् शब्द खरा होता. अपघातातून धडधाकट वाचणं शक्य होतं, वैमानिक विद्यार्थिनीनं योग्य कृती केली, दुखापत अनधिकृत गादीमुळं झाली, ती गादी स्थानिक कारागिरानं धोक्याची पूर्ण कल्पना असताना आणि संस्थेच्या लेखी आदेशाशिवाय बसवली. संस्थेनं यापुढं नोंदी अधिक काटेकोर ठेवाव्यात. मुकुल सरांनी त्यातली दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत पेपरात दिली. तोंडी काय सांगितलं होतं, ते तोंडातच राहिलं.

मन्मथ तिला एकदा गोलाईत भेटला. स्कूटर बंद करून उभा राहिला. "आपा, माझं लायसन गेलं असतं. त्याच्याबिगर माझ्यापाशी काय हाय? एकदा सगळं गेलेलं हाय माझं."

"त्या दिवशी तुम्ही मला छताचं सांगितलं," वहिदा म्हणाली. "तेव्हाच गप का बसला नाहीत? न सांगता खुर्ची दिली असती तर मी अडाणी राहिले असते. अडाण्याला निदान झोप लागती." आणि ती पुढं चालू लागली.

गुन्हा काही दाखल झाला नाही. मुग्धाचे वडील रेणुकादास मास्तर एके दुपारी नांदेडहून आले, पायरीखाली चपला काढून आत आले, पण बसले नाहीत. पाढा म्हणावा तसं त्यांनी उभ्यानं सांगितलं.

"सर तिच्या सगळ्या उपचारांचं बघणार आहेत. हैदराबादला दोन ऑपरेशनं झाली, आणखी एक आहे. त्याबदल्यात मी लिहून दिलंय की अकॅडमीबद्दल आमची तक्रार नाही. तुमच्याबद्दलही नाही. मला ठाऊक आहे कुणी काय सांगितलं असेल ते. मी बत्तीस वर्षं पोरांची तोंडं वाचत आलोय. पण मला ठाऊक असून उपयोग नाही." मग ते म्हणाले, "तुम्ही खरं बोललात म्हणतात. त्यानं त्यांचं काम सोपं झालं, एवढंच."

खाजामियाँनी पाणी मागवलं. मास्तर पाणी न पिता गेले.

वहिदाला वाटलं होतं, आता आलियाला क्लासमधून काढतील. तिनं मनाची तयारीही केली होती. तसं काही झालं नाही. उलट मुकुल सरांनी निरोप पाठवला: तुमच्यावर केस होऊ दिली नाही, मनात काही ठेवू नका, नव्या इमारतीतल्या सत्तर बाकांचं काम तुम्हालाच. वहिदानं बाकांना नाही म्हटलं. मग घरी येऊन आलियाला म्हणाली, "तो क्लास सोड."

आलियानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "अम्मी, पाच आठवडे राहिलेत."

"दुसरीकडं बस."

"पाच आठवड्यांसाठी कोण घेईल मला? आणि मी काय केलंय?" पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुला सोडायचा होता तर तेव्हाच सोडायचास ना. तुझं चुकलं, त्यात माझं वर्ष कशाला घालवू?"

वहिदानं तिच्या पुस्तकाजवळ दिवा सरकवला. तिला थोडं बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याची तिला किळस आली. आलिया गेली, त्याच तुकडीत बसली, आणि जूनमध्ये जिल्ह्यात मुलींमध्ये दुसरी आली. तिचा फोटो असलेला फलक गोलाईच्या तोंडाशीच लागला. खाजामियाँ येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, "फोटो कसा आलाय हो? डोळे उघडे हायेत ना तिचे?" लोक पेढे खाऊन जायचे. वहिदा पेढे वाटायची.

*

जुलैत, आलियाला औरंगाबादच्या वसतिगृहात सोडून आल्यावर, वहिदा नांदेडला गेली. पत्ता शोधत शोधत मास्तरांच्या घरी पोचली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दार मुग्धाच्या आईनं, गोदावरीबाईंनी उघडलं. कोण ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्या नुसत्या बाजूला झाल्या.

मुग्धा खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत बसली होती. केस वाढले होते. मांडीवर वही होती.

"चाची," ती म्हणाली. "या. पेपरात बघितलं मी. तुमची मुलगी ना? अभिनंदन."

वहिदा खाली सतरंजीवर बसली.  "पोरी, माझं चुकलं," एवढं कसंबसं म्हणाली.

"तुम्हाला ठाऊक होतं म्हणे."

"हाव."

"मी त्या दिवशी तुमच्याकडं पंधरा मिनिटं होते." मुग्धाच्या आवाजात राग नव्हता. गणिताची पायरी तपासावी तशी ती बोलत होती. "तुम्ही भिंतीवर रेघ मारली. मला विचारलंत, कसं वाटतंय. मी म्हणाले गादीवर बसल्यासारखं. तेव्हा तुम्ही काय विचार करत होता?"

"काहीच न्हाई. माप लिहून घेत होते."

"मी पुस्तकांवर बसत होते ना, चाची. टोचत होती ती, पण दबत नव्हती. मी नंतर वाचलं सगळं. आता वाचायला वेळ आहे. मी नको म्हणाले असते. नुसतं म्हणायचं होतं, मुग्धा, ही गादी चांगली नाही. सरांना कळलंही नसतं. मी ती काढून टाकली असती आणि पुन्हा पुस्तकं ठेवली असती. सर काही रोज विमानात डोकावत नव्हते." तिनं वही बाजूला ठेवली. "त्यांच्याशी भांडा असं नाही म्हणत मी. ते कुणालाच जमत नाही. माझ्या बाबांनाही नाही जमलं. पण मला सांगायला काय लागत होतं?"

"माझी पोरगी त्यांच्या…" वहिदा बोलू लागली आणि मध्येच गप्प झाली. ते वाक्य पुरं करायला त्या घरात जागा नव्हती.

"हो," मुग्धा म्हणाली. "ते कळलं मला, फोटो बघितला तेव्हा."

ती खुर्चीत जरा सरकू पाहत होती. दोन्ही हातांवर भार देऊन अंग उचललं, पण पाठीमागची उशी घसरली. वहिदाचा हात आपसूक पुढं गेला, उशी बसवायला. गोदावरीबाई दारातून म्हणाल्या, "राहू द्या. मी करते." आणि त्यांनी केलं. मुग्धानं वही पुन्हा मांडीवर घेतली. शिकवणीच्या पोरांचे पेपर होते. घरी मुलं यायची तिच्याकडं, भौतिकशास्त्राला. तिनं लाल पेन उघडलं आणि तपासायला लागली. वहिदा उठली.

गोदावरीबाई रस्त्यापर्यंत आल्या. फाटकाची कडी धरून म्हणाल्या, "तुम्ही आलात, ठीक केलंत. पण परत येऊ नका. कुणी असं येऊन गेलं की ती दोन दिवस जेवत नाही."

"न्हाई येणार."

"मलाच समजावून जेवायला घालावं लागतं."

"हाव," वहिदा म्हणाली. मग, काहीतरी बोलायचं म्हणून, तिनं विचारलं, "बस स्टँडला रिक्षा कुठून मिळंल?"

गोदावरीबाईंनी हात करून कोपरा दाखवला. वहिदा तिकडं चालू लागली. कोपऱ्यावर दोन रिक्षा उभ्या होत्या. तिनं पहिल्या रिक्षावाल्याला स्टँड म्हणून सांगितलं, तो किती देता म्हणाला, आणि ती काही न ठरवताच आत बसली. लातूरची चारची गाडी तोवर गेली होती. पुढची साडेपाचला होती.